मॅडमचा गोल

आयुष्यात मी फुटबॉलला एकदाही पाय लावलेला नाही, तरी माझ्या नावावर एक गोल आहे. तोही आमच्याच शाळेवर. आणि मी त्या शाळेत शिकवत काय होते, तर भूगोल.

तेव्हा मी पन्नाशीची कोवळी पोर होते. धामणगाव बढेच्या शाळेत मला सगळे वचकून असत आणि मला त्याचा फार अभिमान होता. खेळाच्या सरांची बदली झाली, तेव्हा हेडसरांनी स्टाफरूममध्ये नजर फिरवली. बाकीचे शिक्षक चहाच्या कपात तोंड घालून बसले. मी मात्र म्हणाले, "अहो, पोरांना शिस्त लावली की झालं. बॉल काय, आपोआप जातो." बॉल गेला, हे खरं. कुठे गेला, ते सांगते.

आसपासच्या शाळांनी मिळून शनिवारचे सामने ठेवले होते. पहिलाच सामना मोताळ्याला. मध्यंतरात पोरांसाठी पाण्याची कॅन भरून आणायला मी नळावर गेले. तिथे एक जुनी ओळखीची बाई भेटली, तिच्या सुनेचा विषय निघाला, आणि तो विषय काही लवकर संपणारा नव्हता. परत येते तर खेळ सुरू झालेला. मध्यंतरानंतर दोन्ही बाजू गोलपोस्ट बदलतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. मला सगळं येतं, अशी माझी समजूत होती.

आमचा गोलकीपरच्या पुढे राहून बॉल अडवणारा पोरगा बॉल घेऊन पुढे निघाला होता. मला वाटलं, हा उलटा चाललाय. मी पदर खोचला आणि ओरडले, "अरे गाढवा, फीर मागे! तिकडे मार, तिकडे!"

तो थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, गोलपोस्टकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. मग वळला आणि आमच्याच गोलकीपरच्या बाजूने बॉल असा सणसणीत आत घातला की काय सांगू! मी टाळ्या वाजवल्या. मैदानावर टाळ्या वाजवणारी मी एकटीच होते. नाही, समोरची टीमही वाजवत होती.

परतताना काळीपिवळी जीपमध्ये मी त्या पोराच्या शेजारी बसले. बसल्या बसल्या विचारलं, "काऊन बे, तुला कळलं नाही का आपला गोल कोणता?"

"कळलं होतं, मॅडम," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "पन तुम्ही म्हनलं."

वर्गात माझाच नियम होता: मॅडमने सांगितलं की प्रश्न नाही, फाटे नाही, करायचं.

सोमवारपासून शाळेत नवा खेळ सुरू झाला. कुणी चुकून भलत्या वर्गात शिरलं की पोरं ओरडत, "अबे, मॅडमच्या दिशेनं चालला का?" हेडसरही मागे राहिले नाहीत. "मॅडम, नकाशात उत्तर वरच असते ना अजून?" मी हसून घेतलं. पण तो पोरगा हसेना. त्याने मैदानावर येणंच सोडलं. आमच्याकडे पोरं मुळात अकराच, त्यातला हा गेला तर टीम उभीच राहणार नव्हती. पण खरं सांगू, मला टीमचं एवढं नव्हतं. चांगला खेळणारा पोरगा माझ्या एका आरोळीने खेळ सोडतो, हे काही मला झोपू देईना.

मी त्याच्या घरी गेले. त्याची आई अंगणात तूर पाखडत होती. मला पाहून पोरगा आत पळाला.

"काय झालं हो याले?" मी विचारलं.

"काही नाही झालं," आई सूप न थांबवता म्हणाली. "म्हनते, म्या खेळलो तं मॅडम वरडन. मॅडम वरडली तं ऐका लागन. ऐकलं तं पुन्हा उलटा गोल होईन. त्याच्यापेक्षा घरीच बरं."

मी दाराकडे तोंड करून म्हणाले, "मैदानावर माझं ऐकायचं नाही. बस?"

आतून आवाज आला, "असं कसं होईन, मॅडम? सवय हाये ना."

सवय तर सवय. मग सवय मोडायचाच सराव सुरू केला. पोरं खेळत आणि मी काठावर उभी राहून मुद्दाम भलतंसलतं ओरडत असे. "बस खाली! मागे मार! नद्यांची नावं सांग!" पहिल्या दिवशी निम्मी पोरं थबकली, एक तर खरंच खाली बसला आणि गोलकीपर पूर्णा, पैनगंगा करत बॉल सोडून बसला. हा गोंधळ ऐकून आमचा रुसलेला गडी कुंपणापर्यंत आला, मग आत आला.

हळूहळू माझा आवाज त्यांना कावळ्यासारखा वाटू लागला. आणि एक मजा झाली. आजवर ही पोरं मुक्याने खेळत, कारण मॅडमसमोर बोलायचं नसतं. आता ती एकमेकांना हाका मारू लागली. "दे बे!" "मांगं हाये, मांगं!" "सोड, माहा हाये!" आम्ही सडकून हरत होतो ते थोडक्यात हरू लागलो, मग एकदा बरोबरीत सुटलो. तेवढ्यावर पोरांनी मला रसवंतीत नेऊन रस प्यायला लावला. पैसे अर्थात माझेच.

शेवटचा सामना पुन्हा त्याच मोताळ्याच्या मैदानावर, त्याच टीमशी. या वेळी मी पाणी सकाळीच भरून ठेवलं, मध्यंतरात बाजू बदलताना डोळे फाडून बघितलं आणि पदराचा बोळा तोंडात धरला. बराच वेळ धरला. पण खेळ संपत आला, कुणाचाच गोल नाही, आणि बॉल नेमका आमच्याच गोलजवळ त्याच पोराच्या पायात. समोरचे तिघे त्याच्यावर धावले. बोळा कधी सुटला, कळलं नाही.

"बाहेर मार! अरे, बाहेर मार!"

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एकाला चकवलं, मधल्या मोकळ्या जागेत बॉल दिला, तिथून पुढच्याने पळवला आणि थेट गोल. बरोबर गोलमध्ये. मी आधी दोनदा खात्री करून घेतली, मगच टाळ्या वाजवल्या.

सामना सुटल्यावर तो घामाघूम माझ्यापाशी आला, कॅन उचलून तोंडावर पाणी ओतलं आणि दात काढत म्हणाला, "मॅडम, तुम्ही बाहेर मार म्हनलं ना, तवाच मले समजलं का बॉल आत द्याचा हाये."