भुईला न टेकलेलं तेल

देवाला माझं तेल नकोसं झालं असेल का, हा किडा गेल्या शिवरात्रीला माझ्या डोक्यात शिरला. शाळा मी दुसरीपर्यंत शिकलेला, म्हणून जसं घडलं तसंच लिहितो. आमचा लाकडी घाणा. घाटातल्या महादेवाचा दगडी दिवा शिवरात्रीच्या आदल्या सांजेला लावतात, त्यात आमच्याच घाण्याचं करडईचं तेल जळणार, हे आज्यापासून चालत आलेलं. ते तेल घरातून निघालं की गाभाऱ्यात पोचेपर्यंत भुईला टेकवायचं नाही, असा आमचा नेम. मला त्याचा लई गर्व. पण बैल गेला, माझे गुडघे गेले. त्या खेपेला शेजाऱ्याचा बैल मागून एक घाणी तेल काढलं, आणि त्याच दिवशी घाण्याच्या खोडाला वरपासून खालपर्यंत चीर गेली. डब्यात होतं ते आमचं शेवटचं तेल.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी मला न्यायला लेक आली, कौसल्या. तिच्या नवऱ्यानं बारा वर्षांपूर्वी पाटोद्यात मशिनीचा घाणा टाकला आणि माझं सगळं गिऱ्हाईक तिकडं वळलं. तेव्हापासून मी जावयाशी बोललो नव्हतो आणि लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. तिनं त्यांच्या घाण्याची पिकअप आणलेली, दारावर करडईचं पिवळं फूल रंगवलेलं.

"अण्णा, पुढं बसा. अन् हा जुना डबा राहू द्या, मी नवा कॅन आणलाय."

"डबा माझ्या बापाचा हाय. अन् मी मशिनीच्या गाडीत बसत न्हाई, मागं हौद्यात बसतो."

"मग मागची बाजू काय बैलाची हाय व्हय?" ती हसली. मी हसलो नाही. पूर्वी बैलगाडीला टांगायचो तसा डबा मागच्या फाळक्याबाहेर दोरीनं टांगला आणि पुढं तोंड करून पोत्यावर बसलो.

पाटोद्यापासून मांजरसुंब्यापर्यंतचा हा पट्टा एकेकाळी तेलाचा होता. गावात शिरायच्या आधी घाण्याची करकर ऐकू यायची आणि पेंडीचा वास यायचा. आता करकर नाही, पण करडई अजून हाय. दोन्ही बाजूंना पिवळी-केशरी फुलं, मधेच ज्वारीची हिरवी पट्टी, वर माळाला पळस पेटल्यासारखा. हे रान मी जन्मभर बैलाच्या शेपटामागून पाहिलं होतं. इतक्या उंचावरून वारं खात पहिल्यांदाच पाहत होतो. मनात म्हटलं, महादेवा, आता तुझ्या दिव्याचं कसं करायचं? माझ्या मागं कोण?

घाटात एका वळणावर कौसल्यानं गाडी थांबवली. "अण्णा, बघा तरी, पालीच्या धरणाचं पाणी कसं चमकतंय." मी उतरलो आणि पहिली नजर डब्यावर गेली. तळाच्या सांध्याचा डाक सुटलेला. तळाशी घोटभर तेल, आणि मागं रस्त्यावर थेंबांची ओळ, वळणापलीकडं गेलेली. डबा सालभर पडून गंजला होता, गाडीचे हादरे बसले आणि सांधा उकलला. कॅन घेतला असता तर हे झालं नसतं, हे मला कळत होतं. लेकीनं उरलेलं तेल गळू नये म्हणून डबा सोडून हातात तिरपा धरला, त्याचीच जास्त लाज वाटली. मी रस्त्याकडंला खाली बसलो. इतकी वर्षं दिव्यात माझं तेल जळतं म्हणून ताठ चाललो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं, "देवा, माझ्या हातात आता काहीच न्हाई. तुझा दिवा तूच बघ."

तेवढ्यात मागच्या वळणावरून मेंढरं आली आणि त्यांच्यामागं एक म्हातारी धनगरीण.

"कावून बसलाय बाबा असा? मला वाटलं कुणाची गाडी गळतीया. बोट लावून वास घेतला तर करडई! तेल सांडत चाललेला येडा कोण, म्हणून बघायला आले."

मी तिला सगळं सांगितलं. तिनं भाकरीचं गाठोडं सोडलं. चटणीवर घ्यायच्या तेलाची बाटली त्यात होती, अर्धी भरलेली. ती माझ्या हातात दिली.

"घ्या. आज मी चटणी कोरडी खाईन."

"भाकरीवरचं तेल देवाला?"

"मग? माणसाच्या तोंडाला चालतं ते देवाला चालत न्हाई व्हय? लई सोवळा दिसतोय तुमचा देव."

बाटलीवर कागद चिकटवलेला होता आणि त्यावर पिवळं फूल. तेच, गाडीच्या दारावरचं. मला वाचता फारसं येत नाही, पण फूल ओळखू येतं. मी मान वर करेपर्यंत म्हातारी मेंढरांमागं निघालीसुद्धा होती. नाव विचारायचं राहिलं. कोण होती, कुणी पाठवली, यावर मी वाद घालत नाही. बारा वर्षं ज्या तेलाला मी शिवलो नाही तेच माझ्या हातात आलं होतं, एवढं खरं.

तेवढ्या तेलात दिवा रात्रभर चालणार नव्हता. मी लेकीला म्हणालो, "कौशे, तुमच्या घाण्याचं तेल मिळंल का गं देवाला?" एवढं बोलायला मला बारा वर्षं लागली. तिनं बाजूला जाऊन डोळे पुसत नवऱ्याला फोन लावला.

उन्हं कलायच्या आत आम्ही महादेवाच्या पायरीला होतो. कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून जावई आला. तेलाचा कॅन त्यानं पाटोद्यापासून खांद्यावर धरलेला. उतरल्यावरही खाली ठेवला नाही. तसाच घेऊन उभा. आमचा नेम त्याला मी कधी सांगितला नव्हता. आणि माझ्याकडं बघायचं धाडस त्याला होत नव्हतं.

"आणा इकडं, जावईबापू," मी म्हटलं, "हात भरून आला आसंल."

गाभाऱ्यात दोघांनी मिळून ओतलं. आधी म्हातारीच्या बाटलीतलं, मग डब्याच्या तळातलं माझं, मग त्याचं. दिव्यात गेल्यावर कुठलं कुणाचं ते मलाही सांगता आलं नसतं, आणि मी तर जन्मभर तेलातच होतो. दिवा माझ्यामुळं जळत होता, असं मी धरून बसलो होतो. देवाची कृपा ही, की माझा डबा गळला तेव्हा मला ते कळलं.

परत येताना मी गाडीत पुढं बसलो. पाटोद्याला लेकीच्या घरी उतरलो आणि आधी पाणी मागितलं.