दयारामची उतरलेली नाडी

दयारामची चाल पाहून धाडच्या बाजारात लोक हटकायचे, "काऊन बे, घराले आग लागली काय?"

आग कुठंच नसायची. दयाराम डाकेचा रनर होता. पोस्टातून थैला पाठीवर घ्यायचा आणि मधली चार गावं करत, अर्धं चालत, अर्धं पळत, सात मैलांवरच्या बोरवाडीला पोचायचा. दोन वर्षं तो हंगामीच होता. कायम व्हायला डॉक्टरचा दाखला लागत होता, आणि तो कायम झाला की बोरवाडीचा पुंजाजी आपली पंचफुला त्याला देणार होता. शेवटचा मैल थैला जरा जास्तच जोरात पळतो, हे पोस्टमास्तरांच्याही लक्षात आलं होतं.

सन चौसष्टच्या मार्चात दवाखान्यात नवे डॉक्टर आले. दाखला देण्याआधी त्यांनी दयारामला एका बाकावर तीन मिनिटं चढउतार करायला लावली. लगेच मनगट धरलं: एकशे चाळीस. मिनिटभर बसवून पुन्हा धरलं: अठ्ठ्याण्णव. डॉक्टर खूश! "काळीज पक्कं आहे," ते कंपाउंडर मोतीरामला म्हणाले. "पाहा, याची नाडी मिनिटात उतरली."

मोतीराम राहायचा एका गावात, पण त्याची जीभ पंचक्रोशीची होती. संध्याकाळी हॉटेलात भज्यांबरोबर त्यानं डॉक्टरांचं तेवढं शेवटचं वाक्य वाढलं. आता आपल्याकडे नाडी उतरते ती खाटेवरच्या म्हाताऱ्याची. घरचे चमच्यानं पाणी पाजायला लागतात, तेव्हा. भजी संपायच्या आत बातमी बोरवाडीच्या वाटेला लागली.

दुसऱ्या दिवशी दयाराम खिशात दाखला घेऊन पोचला, तर पुंजाजी दारातच उभा.

"जय भीम, मामा! दाखला भेटला!"

"जय भीम. बस आधी. पळून आला ना तू? उभा नको राहू." पुंजाजीनं त्याला काचेची बरणी ठेवावी तसं बाजेवर ठेवलं. "बेटा, राग नको मानू. पोरगी माही एकुलती एक. तुही नाडी मिनिटात उतरते म्हन्तेत."

"उतरतेच! म्हनून तं दाखला देला!"

"सरकारले काय लागते दाखला द्याले? जावई मले करा लागते."

"अहो मामा, पळालो का चढते, थांबलो का उतरते."

"अन् एखाद दिवशी पुरीच उतरली तं?"

उत्तर घरातून आलं.

"बाबा, तुमीच म्हनत होते ना, आता पत्रिका नाही, नाडी नाही, नुस्ती मनं पाह्याची?" पंचफुला आतून बोलली. लग्न जुळवताना भटाकडून पत्रिकेतली नाडी पाहायची रीत त्या घरानं आठ वर्षांपूर्वीच सोडली होती. "पत्रिकेतली नाडी सोडली अन् मनगटातली धरून राह्यले काय?"

तरी पुंजाजीचं मन काही वळेना. तेवढ्यात त्याची थोरली बहीण जनकाबाई पुढं झाली. ती सुईण; निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं आणि उरलेल्यांची मनगटं तिच्या ओळखीची.

"दोघं बी उठा," ती म्हणाली. "टेकडीवरच्या लिंबाले हात लावून या. पळत."

"मी काऊन, अक्का?"

"तुह्या नाडीचा भरोसा हाये ना तुले? मंग चाल!"

दोघं निघाले. पण सासऱ्याच्या पुढं जाणं बरं दिसेना, म्हणून दयाराम लिंबाला दोनदा हात लावून आला.

जनकाबाईनं दोघांना बाजेवर बसवलं, एका हातात भावाचं मनगट धरलं, दुसऱ्या हातात जावयाचं. "दोघायच्याबी सुसाट पळून राह्यल्या," तिनं सांगितलं. घरात घड्याळ नव्हतं, म्हणून पंचफुला साठपर्यंत मोजायला उभी राहिली. शेवटचे वीस आकडे तिनं जरा ओढलेच, पण पळापळ पाहून दारात जमलेल्या गर्दीत कोणी हरकत घेतली नाही.

"साठ!"

जनकाबाईनं दयारामचा हात सोडला. "याची पोचली घरी. पुंजा, तुही अजून लिंबापाशीच हाये."

"म्हंजे..."

"म्हंजे पोरगं खणखणीत हाये. मले तुहीच फिकीर वाटून राह्यली. तमाखू कमी कर. अन् लग्नाची तारीख सांग."

पुंजाजीला धाप आवरेना. जरा थांबा म्हणायला त्यानं हात वर केला. पाचही बोटं पसरलेली.

"पाच तारीख? चालते," जनकाबाई म्हणाली. "मे महिन्याची पाच. आयकलं का सगळ्यायनं?"

सगळ्यांनी ऐकलं. पंचफुलानं तर आधी ऐकलं. पुंजाजीनं दुसरा हातही वर केला, पण दहा तारीख कोणाच्याच सोयीची नव्हती. त्याची नाडी घरी पोचेपर्यंत आतमध्ये चहाला आधण ठेवलं गेलं होतं आणि दयाराम त्याला डाकेच्या रिकाम्या थैल्यानं वारा घालत होता.