काचेवरचं गंध

पोलिसांतली नोकरी संपली आणि पुष्कळ गुन्हे डोक्यातून पुसले गेले. खून विसरलो, दरोडे विसरलो. एक प्रकरण मात्र काही केल्या जात नाही, आणि त्यात खूनही नव्हता, दरोडाही नव्हता. स्टेजच्या लाइटमधला एक बल्ब फुटला होता.

मी तेव्हा बेंगळुरूत इंदिरानगर भागातल्या एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. दसरा नुकताच होऊन गेला होता. इस्पितळातून वर्दी आली की एका नाट्यगृहाचा लाइटमन दोन्ही डोळ्यांत काच जाऊन दाखल झालाय. नृत्याची तालीम चालू असताना एक मोठा लाइट मंद झाला. त्यानं तो बंद केला, थोडा निवू दिला आणि झाकण उघडलं. आतला बल्ब त्याच्या तोंडावर फुटला. या बल्बमध्ये दाबानं गॅस भरलेला असतो, त्यामुळे तो फुटतो म्हणजे फटाक्यासारखा फुटतो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की नजर परत येणार नाही.

तो आमच्यातलाच निघाला. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेलं मराठी घर, घरात मराठी, बाहेर कन्नड. मी जबाब घ्यायला बसलो तेव्हा डोळ्यांवर पट्ट्या होत्या. बायको उशाशी उभी होती.

"बल्ब नवीन होता, अण्णा. शिवाजीनगरातनं आणला. आयुधपूजेला बाहेर काढून ठेवला, गंध लावलं. दुसऱ्या दिवशी लाइटमध्ये बसवला."

"गंध कुठे लावलं? खोक्याला?"

त्यानं उशाकडे मान वळवली. "काचेला. मीच लावलं. त्या काचेला बोट लावायचं नसतं, डाग राहतो, ठाऊक आहे मला. बसवताना फडक्यानं स्वल्प पुसलं."

"स्पिरिटनं पुसायचं असतं ना?"

"देवाचं गंध स्पिरिटनं कसं पुसू, अण्णा?"

आमच्याकडे आयुधपूजेला स्क्रू ड्रायव्हरपासून बसच्या स्टिअरिंगपर्यंत सगळ्याला गंध लागतं. घरची माणसं कामाच्या जागी येतात, पूजा करतात. माझ्या ठाण्यात रायफलींना लागायचं आणि ते पुसायला कोणी धजत नसे. म्हणून मला त्यात नवल वाटलं नाही. जसं बोलला तसं लिहून घेतलं. मान वर केली तर त्याची बायको खोलीबाहेर निघून गेली होती. दुःख सहन होत नसेल, असं मी समजलो.

सगळे म्हणत होते अपघात आहे, फाइल बंद करा. मलाही तसंच वाटू लागलं होतं. तेवढ्यात बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरचा एक भंगारवाला, माझा जुना खबऱ्या, भेटायला आला. त्याच्या बाजारातला एक दुकानदार स्टेजचे जळून गेलेले बल्ब विकत घेत होता, पण खोकं फाटलेलं असेल तर बल्ब परत करत होता. "सार, मेलेल्या बल्बचं खोकं कोणाला पाहिजे असतं?" खबऱ्यानं विचारलं. त्याच दुकानातून आमच्या लाइटमननं बल्ब आणला होता.

फुटलेल्या बल्बची बैठक, म्हणजे काचेखालचा भाग, लाइटमध्येच अडकून राहिली होती. पंचनाम्यात ती जप्त केलेली होती. खरा बल्ब बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअर बाई आल्या. त्यांनी कापसावर स्पिरिट घेतलं आणि बैठकीवरची कंपनीच्या नावाची अक्षरं घासली. ती शाईसारखी निघून आली. खऱ्या बल्बवर ती भाजून पक्की केलेली असतात, कितीही घासा, जात नाहीत. म्हणजे बल्ब नकली होता, त्याबद्दल शंका उरली नाही.

दुकानदाराला ठाण्यात आणलं. चोर तो चोर वर शिरजोर, म्हणतात तसा माणूस. "मलाच फसवलं, सर," तो म्हणाला. "खरा कुठला, खोटा कुठला, मला काय कळतंय?" आवाज चढवून काही होणार नव्हतं. मी त्याच्यासाठी कॉफी मागवली. टेबलावर खोक्याबाहेर काढलेले दोन बल्ब ठेवले, दिसायला अगदी एकसारखे. एक खरा, एक त्याच्या दुकानातला. म्हटलं, जरा खोक्यांत भरून द्या, आमच्या पोरांच्या हातून फुटतील. पहिला त्यानं पोटाला धरून उचलला, वांगं उचलावं तसा. दुसऱ्याला हात लावण्याआधी खिशातून रुमाल काढला आणि बैठकीला धरून अलगद ठेवला. रुमाल लावला तो खरा होता.

"तुम्हाला तर छान कळतं," मी म्हणालो.

त्यानं रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग होसकोटेच्या औद्योगिक वसाहतीतली शेड सांगितली. आम्ही छापा घातला तेव्हा तिथे नाव नसलेले बल्ब, छपाईचे शिक्के आणि साफसूफ केलेली जुनी खोकी सापडली. त्या दिवशी ठाण्यात मी सगळ्यांना मैसूरपाक वाटला. आरोपपत्रात फसवणूक लावली, गंभीर दुखापतही लावली. दुखापत सिद्ध झाली तर त्या माणसाला भरपाई मिळण्याचा रस्ता होता. नाट्यगृहवाल्यांनी आधीच हात वर केले होते, त्याची चूक म्हणून.

कोर्टात आरोपीच्या वकिलानं लाइटमनचा जबाब वाचून दाखवला. मग इंजिनिअर बाईंना एकच प्रश्न विचारला. काचेवर गंधाचा डाग राहिला तर खरा बल्बसुद्धा फुटू शकतो का?

बाई प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, "फुटू शकतो. तिथली काच तापून कमजोर होते."

वकील खाली बसला. वड्याचं तेल वांग्यावर काढलं होतं आणि मला बोट ठेवायला जागा नव्हती. निकालात फसवणूक सिद्ध झाली, थोडी शिक्षा झाली. दुखापत आरोपीमुळेच झाली असं निःसंशय म्हणता येत नाही, असं न्यायाधीशांनी लिहिलं. कायद्याप्रमाणे ते बरोबरच होतं. मला त्या बरोबरपणाचा अजून राग येतो.

कोर्टाच्या आवारात त्याला रिक्षात बसवून त्याची बायको माझ्याकडे परत आली. पदर तोंडाशी धरलेला.

"अण्णा, एक विचारू?"

"विचारा, अक्का."

"गंध त्यांनी लावलं नव्हतं. मी लावलं. ते दाराशी कोणाशी तरी बोलत होते. बल्ब कागदावर ठेवला होता, नवीन, चकचकीत. म्हटलं, ह्याला गंध लावायचं राहायला नको. ते परत आले तेव्हा बघितलं त्यांनी. काही बोलले नाहीत. सणाच्या दिवशी मला वाईट वाटेल म्हणून."

मी रिक्षाकडे बघितलं.

"तुमच्याकडे खोटं सांगितलं त्यांनी, माझ्यासाठी. घरीसुद्धा एक शब्द नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं की हो." मग तिनं विचारलं, "बल्ब खोटा होता म्हणून फुटला, का माझ्या बोटानं?"

"बल्ब खोटा होता, अक्का. हे सिद्ध झालंय."

"ते झालं. पण मी बोट लावलं नसतं, तर फुटला असता?"

आयुष्यभर मी लोकांना प्रश्न विचारले आणि उत्तरं काढली. तपास नीट केला तर कोणाला तरी सुटका मिळते, यावर माझा विश्वास होता. या प्रकरणात तपासात काहीही कमी राहिलं नाही. बल्ब सापडला, शेड सापडली, माणूस सापडला. आणि शेवटी मी एका बाईला तिचं स्वतःचं बोट दाखवून दिलं. दुकान आता पुन्हा उघडलंय, रस्त्यानं जाताना दिसतं.

तिचं घर माझ्या घरापासून लांब नाही. बाजारात कधी समोर येते, थांबते, "सरी का, अण्णा?" म्हणते, म्हणजे बरं आहे ना. तो प्रश्न तिनं पुन्हा कधी विचारला नाही. मीही उत्तर दिलेलं नाही, कारण ते मला ठाऊक नाही.