जेवणावरची गोळी

माझ्या हृदयाचा स्नायू जाड झाला आहे असं निदान झालं, तेव्हा आमच्या ताईला बरं वाटलं. पातळ असण्यापेक्षा जाड बरा, असं ती म्हणाली. मी लहानपणापासून काडीसारखा. आई लवकर गेली, तेव्हापासून चांदूर बाजारच्या घरात चूल ताईच्या हाती होती, आणि एवढं खाऊ घालून पोराच्या अंगाला काही लागत नाही ही तिची कायमची तक्रार. आता निदान आतून तरी लागलं, याचं तिला समाधान. डॉक्टरांनी तिला समजावलं की स्नायू जाड झाला की रक्त बाहेर पडायची वाट अरुंद होते, म्हणून माणसाला धाप लागते. हा आजार बरेचदा घराण्यात असतो, तेव्हा सख्ख्या बहिणीनेही एकदा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यावा, असंही ते म्हणाले. ताई म्हणाली, मला काही नाही, मला फक्त गॅस आहे. तो विषय तिथे संपला.

मी गणित शिकवतो. अमरावतीला राजापेठेत घर, घराजवळच दुसऱ्या मजल्यावर माझा क्लास. आठवड्यातले निम्मे दिवस अकोल्याच्या एका क्लासमध्ये, तेव्हा मुक्काम ताईकडे. भाऊजी गेल्यापासून ती तिथे एकटीच असते. आजार वाढला तेव्हा मी जिना चढून वर्गात जायचो आणि खडू हातात धरून नुसता उभा राहायचो. पोरांना वाटायचं, सर उत्कंठा वाढवत आहेत. एकदा प्रमेयाच्या मध्यावर मला खाली बसावं लागलं. एका मुलीने अगदी गंभीरपणे विचारलं की सर, हे परीक्षेला येणार का.

मग ते नवं औषध सुरू झालं. रोज एक कॅप्सूल. पण तिच्याबरोबर आलेल्या सूचना सासरी निघालेल्या मुलीला मिळाव्यात इतक्या. रोज ठरल्या वेळेला घ्यायची, न फोडता गिळायची. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. हे औषध हृदयाचं जोरात आवळणं कमी करतं, ते गरजेपेक्षा जास्त कमी होऊ नये म्हणून ठरलेल्या वेळी इको करायचाच. पाय सुजले, धाप वाढली तर लगेच कळवायचं. आणि विचारल्याशिवाय दुसरं कुठलंही औषध घ्यायचं नाही. साधं चूर्णसुद्धा नाही. बायकोने हे सगळं पाठ केलं. मला कधी शिंक आली तरी ती आधी माझ्याकडे आणि मग औषधाच्या डबीकडे संशयाने बघायची.

औषध मात्र लागू पडलं. काही महिन्यांत मी जिना चढता चढता बोलू लागलो, म्हणजे पोरांना खालपासूनच रागावू लागलो. आपल्याला श्वास पुरतो, या एवढ्या गोष्टीचा इतका आनंद होतो हे मला ठाऊक नव्हतं.

त्यानंतरच्या एका इकोत डॉक्टरांचा चेहरा बदलला. हृदयाची ताकद नको तितकी उतरली होती. पायांवर थोडी सूज होती, ती मी नव्या चपलांवर ढकलली होती. डॉक्टरांनी औषध ताबडतोब थांबवलं. दुसरं काही घेता का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो, बायको तर दोनदा नाही म्हणाली. ते म्हणाले, कारण सापडलं नाही तर हे औषध पुन्हा द्यायची हिंमत मी करणार नाही.

दोन-तीन आठवड्यांत मी पुन्हा खडू धरून उभा. मला भीती वाटत होती, ती मी कोणाला सांगितली नाही. त्याऐवजी सगळ्यांवर चिडलो.

घरात युद्ध पेटलं. बायकोचं म्हणणं, हे अकोल्याच्या तेलाचे प्रताप. पातोडीच्या रश्श्यावर बोटभर तवंग असतो, हृदय काय करील बिचारं. ताईचं म्हणणं, अमरावतीचं जेवण इतकं फिकं की हृदयाला धडधडायला काही कारणच उरत नाही. दोघी हे फोनवर एकमेकींना सांगत नसत, मला सांगत. शेवटी डॉक्टरांनी निकाल दिला की दोन्ही घरी जेवण सोडून माझ्या पोटात जे जे जातं, ते सगळं घेऊन या.

त्या दिवशी दोघी पिशव्या घेऊन आल्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर रुखवत मांडावं तसं सामान मांडलं. बायकोने माझ्या औषधांच्या पट्ट्या, वेदनाशामक मलम आणि चष्मा पुसायचं पाणी काढलं. चष्म्याचं कशाला, असं डॉक्टरांनी विचारलं. ती म्हणाली, त्यांचा काही भरवसा नाही. ताईने ओव्याचा अर्क, हिंगाच्या गोळ्या, सुंठ आणि अर्जुनाच्या सालीचा काढा काढला. काढ्यावर डॉक्टर थबकले. तेव्हा मला सांगावं लागलं की तो मी पीत नाही, ताईची पाठ वळली की तुळशीला घालतो. ताईने माझ्याकडे बघितलं आणि मग म्हणाली, तरीच यंदा तुळस एवढी फोफावली.

डॉक्टरांनी एकेक वस्तू हातात घेऊन बघितली. हळूहळू त्यांचा धीर सुटत चालला होता, कारण यातलं मी खरोखर घेत होतो असं काहीच निघेना. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. मला वाटलं, संपलं, आता हे औषध आपल्या नशिबात नाही.

समोरचा माणूस दमला की ताईला राहवत नाही. तिने पिशवीतून आपला पितळी पानाचा डबा काढला. हा डबा मी जन्मापासून बघतोय. सुपारी, लवंग, बडीशेप, आणि चौथ्या कप्प्यात पूर्वी कात असायचा. तिने सवयीने चिमूटभर सगळं एकत्र केलं आणि डॉक्टरांच्या तळहातावर ठेवलं. डॉक्टर वऱ्हाडातलेच, सुपारीला नाही म्हणणं त्यांनाही जमलं नाही. ते तोंडात टाकणार, तेवढ्यात त्यांचा हात थांबला. सुपारीच्या तुकड्यांमध्ये एक कॅप्सूल होती.

"हे काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"गॅसची गोळी," ताई म्हणाली.

"ही तुम्ही सांगितली नाही."

"तुमी म्हटलं जेवण सोडून. हे त जेवणावरचं हाय. माह्या घरी सगळ्यायले देतो मी सुपारीसंगं. हाही खाऊन राहिला कवाचा."

बायको माझ्याकडे बघत होती. मी शपथेवर सांगतो, मी काही लपवलं नव्हतं. ती कॅप्सूल मला कधी औषध वाटलीच नाही. आमच्याकडे तिखट जेवायचं, वर सुपारी चघळायची आणि घोटभर पाण्याबरोबर ती गिळायची, हा एकच कार्यक्रम. मठ्ठ्याला कोणी औषध म्हणतं का?

डॉक्टरांनी ताईच्या पिशवीतून त्या गोळीची पट्टी मागून घेतली, नाव वाचलं आणि सांगितलं की ही गोळी माझ्या औषधाला शरीरातून लवकर जाऊ देत नाही. औषध साठत गेलं आणि हृदय गरजेपेक्षा ढिलं पडलं. पोटासाठी काही लागलंच तर ते मी निवडून देईन, ते म्हणाले. कारण सापडल्याच्या आनंदात ते हसले, मीही हसलो. त्यांनी हातातली लवंग तेवढी वेचून तोंडात टाकली.

ताई हसली नाही. तिने पिशवी आवरली आणि अकोल्याची बस धरली. रात्री तिचा फोन आला. "तू माह्याकडं जेवू नको आता. माह्या हातानं मी तुले मारून राहिली होती." मी तिच्यावर खेकसलो, कारण दुसरं काही केलं असतं तर रडलो असतो.

काही आठवड्यांनी इको सुधारला. औषध कमी डोसने पुन्हा सुरू झालं, पुढचा इकोही चांगला आला, आणि मी हट्टाने ताईकडेच मुक्कामाला गेलो. ती पार बदलली होती. फोडणीत हिंग घालू का, हे तिने डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करून विचारलं होतं. जिऱ्यासाठी वेगळा फोन केला होता. ताट वाढून ती समोर बसली आणि मी मरतो का ते बघावं तशी बघत राहिली. पानाचा डबा माळ्यावर गेला होता.

जेवणानंतर तिने मला गच्चीचा जिना दाखवला. म्हणाली, इथून वर जा आणि चढताना बोलत जा, मला ऐकू आलं पाहिजे. भर दुपारी मी त्या जिन्यावर पायथागोरसचं प्रमेय मोठ्याने म्हणत चढलो. शेजारची बाई धुणं वाळत घालायची थांबली. वर पोचलो तेव्हा प्रमेय सिद्ध झालं होतं आणि मला धाप नव्हती. मी कठड्यावरून ओरडलो की आता डबा काढ, बडीशेप तेवढी दे.

तिने डबा स्वतः वर आणला. वर येऊन तिने तो मला दिला आणि कठडा धरून उभी राहिली. तिचं तोंड उघडं होतं, पण शब्द येत नव्हता. घामाने कपाळ भिजलं होतं. मी बघतच राहिलो. मग तिने चौथा कप्पा उघडला, कॅप्सूल काढली आणि हाताने खूण केली की ही माझी, तुझी नाही.

मी तिचा हात धरला. "हा गॅस कवापासून हाय तुले?"

तिला बोलायला वेळ लागला. "लय वर्षांचा हाय. चढली का येते, बसली का जाते. मायलेही हाच होता. वांग्याच्या वाफ्यात बसली ते उठलीच नाही. लोक म्हणत, गॅस छातीत चढला."

आम्ही उन्हात तिथेच बसून राहिलो. तिचा श्वास खाली बसेपर्यंत मी तिला जिना उतरू दिला नाही. मग अमरावतीला डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला. पलीकडच्या मुलीने नेहमीप्रमाणे माझंच नाव लिहून घेतलं. मी तिला ते खोडायला लावलं आणि ताईचं सांगितलं.