रसद तीन वाटांनी

हॉटेलातल्या टीव्हीवर विमान दिसलं की माणिकअप्पा आपली खुर्ची मागे सरकवायचे. फौजेत ट्रक चालवून आमच्या ठाणाकुशनूर गावी परतून बरीच वर्षं झाली होती, तरी पाय आपोआप मागे जायचे. तेव्हा इराकची लढाई चालू होती. पूल उडताना दाखवले की आम्ही म्हणायचो, आता फौजेचं रेशन संपलं.

अप्पा बशीतला चहा फुंकत म्हणायचे, "पूल पडला म्हून रसद थांबती व्हय रे? समदं एका वाटंनं धाडायचं न्हाई, येवढंच."

"अप्पा, तुमच्या गाड्यांवर बॉम्ब पडला होता का?"

"शेजारच्या रानात पडला की. गाड्यांला काईच झालं न्हाई. आमीच दिसभर उसात लपून बसलो."

हे सांगताना ते जिंकल्यासारखे हसायचे. मी बिदरच्या कॉलेजात नुकताच जाऊ लागलो होतो. घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. मला त्यांचं सगळं पटायचं.

त्याच उन्हाळ्यात त्यांच्या लेकीचं, सुरेखाचं लग्न निघालं. लग्न दोन्ही गावांच्या मधल्या देवळात, पण स्वयंपाक घरचाच, असा अप्पांच्या बायकोचा, काकूंचा हट्ट. त्यात रस्त्यावरच्या पुलाचं काम निघालं. अप्पांनी अंगणात काठीनं तीन वाटा आखल्या. पुलाशेजारून जीपमध्ये गव्हाची गोड हुग्गी, शेतातून ट्रॅक्टरवर भात, ओढ्यातून बैलगाडीत वरण.

काकू म्हणाल्या, "अवो, तिन्हीत थोडं थोडं समदंच घाला की."

"तुला फौजेतलं काय कळतंय?"

वरणाचं पातेलं धरून मी बैलगाडीत बसलो. ओढ्याच्या वाळूत चाक रुतलं. आम्ही ढकलत पोचलो तेव्हा पंगत वरणाची वाट बघत बसलेली. जीप वेळेवर आली होती, म्हणून पाहुण्यांनी हुग्गीवरच पोट भरलं होतं. मग ट्रॅक्टर आला होता. पत्रावळींवर कोरडा भात वाळत होता. नवरदेवाचे चुलते उठायच्या बेतात होते. ते उठले असते तर सगळी पंगत उठली असती, आणि सुरेखाला ते जन्मभर ऐकावं लागलं असतं.

व्याह्यांनी अप्पांचं युद्धपुराण सोयरीक ठरल्यापासून ऐकलं होतं. ते म्हणाले, "अप्पा, वाटंत बॉम्ब पडला का काय?"

अप्पांनी टोपी काढून हातात घेतली. "न्हाई पडला, पाव्हणं. पडंल म्हून म्याच येवढं करून ठेवलं."

आधी व्याह्यांचं पोट हललं, मग हसू बाहेर आलं. भावाचा हात धरून त्यांनी त्याला खाली बसवलं. "वाढा. वरण बघू तरी."

वरण गार झालं होतं. अप्पांनी स्वतः वाकून शेवटच्या पानापर्यंत वाढलं.

पाठवणीला दोन जीपा उभ्या होत्या, एक बाप्यांची, एक बायकांची. सगळे रडत होते. अप्पा तेवढे ड्रायव्हरजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "बाबा, पोरीला अन् जावयाला एकाच गाडीत बसीव."