अडीच फुटांचा समुद्र आणि बाबारावाचं गोड पाणी

माशांच्या टाकीत तळाला वाळू असते. वरून बघाल तर पांढरी, स्वच्छ. नळी घालून ओढायला लागलात की खालून काळा गाळ निघतो, आणि निघतच राहतो. आमच्या किश्श्यांचं तसंच आहे. एक सांगायला घेतला की खालचे पाच-सहा ढवळून वर येतात. लोक हसतात. मीही हसवतो. बरोबर करतो की नाही, ठाऊक नाही.

मंडळी चारच. मी, माझी बायको नलिनी, माझा शाळासोबती बाबाराव आणि सलीमभाई. बाबारावाची घाटंजीकडे शेती, कापूस-सोयाबीन-तूर. सलीमभाईंचं यवतमाळात शोभेच्या माशांचं दुकान. दर रविवारी सकाळी चहाला आम्ही चौघं माझ्या दिवाणखान्यातल्या टाकीसमोर बसायचो. टाकी साध्या माशांची नव्हे, समुद्राची. खारं पाणी, केशरी पट्ट्यांचे दोन मासे आणि जिवंत प्रवाळ.

अशा टाकीत माशांची घाण आणि उरलेलं खाणं कुजतं. कुजून कुजून शेवटी त्याचं नायट्रेट होतं. ते वाढलं की प्रवाळ मरतं. माझ्या टाकीतलं नायट्रेट काही केल्या उतरत नव्हतं. आता गंमत अशी, की मी रसायनशास्त्राचा प्राध्यापक आणि माझी पीएच.डी. काळ्या मातीतल्या नायट्रेटवर! तीस वर्षं त्याच विषयावर पगार घेतला. अख्ख्या जिल्ह्यात हे कुणाला जमायला हवं, तर मला. जमलं नाही तर मग त्या तीस वर्षांत मला नेमकं काय येत होतं? पणाला लागलं होतं ते एवढंच.

* * *

टाकी आणली नलिनीसाठी. ती रत्नागिरीची. लग्न होऊन यवतमाळला आली तेव्हापासून उन्हाळा आला की म्हणायची, "इथं समुद्र असता तर!" निवृत्त झाल्यावर मी ठरवलं, समुद्र घरी आणायचा. सहा महिने पुस्तकं वाचली, नागपूरच्या खेपा केल्या, सलीमभाईंना भंडावून सोडलं. टाकी लागली, दिवे लागले. मी नलिनीला डोळे मिटायला लावून समोर उभं केलं.

तिनं डोळे उघडले. बराच वेळ बघितलं.

"अहो, मी चाळीस वर्षं माशांची आठवण काढत होते," ती म्हणाली, "पण तळलेल्या!"

* * *

पाण्याचा प्रश्न बाबारावानं सोडवला. नगरपालिकेचं पाणी चार-पाच दिवसांनी येणार, त्यात क्लोरीन. बाबाराव म्हणाला, "माह्या इहिरीचं पाणी घे ना! साऱ्या गावात तसं गोड पाणी नाही." त्या दिवसापासून दर रविवारी तो शेतातल्या विहिरीच्या पाण्याच्या दोन कॅन एस.टी.च्या टपावर टाकून आणायचा. एकही रविवार चुकला नाही. कपाशी वेचणीत असो, की घरी पाहुणे असोत.

पहिल्या रविवारी त्यानं कॅन ठेवल्या, घाम पुसला. मी एक कॅन बादलीत ओतली, आणि सलीमभाईंनी आणलेलं सागरी मीठ त्यात मोजून घातलं. बाबाराव बघतच राहिला.

"काय करून राह्यला तू, प्रोफेसर?"

"समुद्राचं पाणी तयार करतोय."

"एवढं गोड पाणी मी चाळीस किलोमीटर वाहून आनलं, अन तू त्याले खारं करतं?" तो सलीमभाईंकडे वळला. "डाक्टरेट भेटली की मानूस असा होते का हो?"

* * *

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. जेवायला चाळीसेक माणसं. मी टाकीवर मोठ्या अक्षरांत पाटी लावली, 'माशांना काहीही खायला घालू नये'. त्या महिन्यात मी जीव तोडून नायट्रेट थोडं खाली आणलं होतं. किटमधल्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे, रंग पिवळा आला तर उत्तम, लाल आला तर वाईट. माझा लालवरून नारिंगीपर्यंत आला होता!

दुसऱ्या दिवशी नळी पुन्हा लाल. वाळूत बघतो तर पुरणपोळीचा तुकडा, वर आंबिलीचा पांढरा थर, आणि प्रवाळाला हळदकुंकू लावलेलं.

शेजारच्या काकूंना विचारलं. त्या जराही डगमगल्या नाहीत. "पाटी वाचली मी. पण सणाचा दिवस, घरातलं एकेक माणूस जेवलं, आणि त्या मुक्या जिवांना उपाशी ठेवायचं? सर, पाटी लावताना तुम्हाला कसंतरी नाही का वाटलं?"

वाटलं. खरंच वाटलं. मी पाटी काढून टाकली.

* * *

ते दिवस लोडशेडिंगचे होते. मे महिन्यात भर दुपारी चार-चार तास वीज नाही. इन्व्हर्टर दोन तासांत मान टाकायचा, पंप बंद, पाणी तापायला लागायचं. मी बर्फाच्या बाटल्या पाण्यावर सोडायचो आणि नलिनी हातपंख्यानं वारा घालायची. पाण्यावर वारा लागला की ते निवतं. हे शास्त्र आहे.

एकदा अशा वेळी माझा एक जुना विद्यार्थी लग्नाची पत्रिका द्यायला आला. दारातच थबकला.

"सर, मॅडम माशांना वारा घालून राहिल्या का?"

"हो," नलिनी म्हणाली. "आणि मला घालायला कुणी नाही, ते पण पत्रिकेत छाप!"

* * *

कापसाची ती वर्षं. जिल्ह्यात काय चाललं होतं ते सगळ्यांना माहीत आहे, मी वेगळं सांगत नाही. बाहेरून माणसं यायची, अभ्यास करायला. गाडी यायची, वही यायची, कॅमेरा यायचा. असेच एक मोठे साहेब मातीचा तज्ज्ञ म्हणून माझ्याकडे आले. रविवार होता. मी मुद्दाम बाबारावाला थांबवून घेतलं. म्हटलं, माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा याच्या तोंडून ऐकू दे.

साहेबांनी टाकी बघितली आणि वही मिटली! मग तासभर लक्षद्वीप. तिथं ते पाण्याखाली कसे उतरले, कुठले मासे दिसले, प्रवाळ कसं मरत चाललंय. सांगताना त्यांचे डोळे खरोखर भरून आले. मीही, सांगायला लाज वाटते, रंगून गेलो. नायट्रेटवर आम्ही वीस मिनिटं बोललो.

निघताना साहेबांना आठवलं. बाबारावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आणि काका, शेती काय म्हणते?"

"काही नाही म्हनत," बाबाराव म्हणाला. "तुमी मासे पाहा, साहेब."

* * *

सलीमभाईंनी एक उपाय वाचून काढला. टाकीत रोज चार थेंब व्होडका टाकायची. थट्टा नव्हे. त्यावर जिवाणू वाढतात आणि ते नायट्रेट खातात. शास्त्र पक्कं होतं, पण मी जन्मात दारूच्या दुकानाची पायरी चढलो नव्हतो. सलीमभाई म्हणाले, "साब, मैं तो जा नहीं सकता. मोहल्ले में मुँह दिखाना है." बाबारावाला माळ होती. राहिलो मी.

टोपी ओढून गेलो. गल्ल्यावरच्या माणसानं बघितलं आणि ताडकन उभा राहिला. "सर! तुम्ही? मी बी.एस्सी.ला होतो तुमच्याकडे!"

"हे माशांसाठी आहे," मी म्हणालो.

"हो सर," तो अतिशय आदरानं बाटली कागदात गुंडाळत म्हणाला. "सगळे काही ना काही सांगतातच."

आठवड्याभरात गावभर झालं. कुणी तोंडावर बोललं नाही, फक्त एका जुन्या सहकाऱ्यानं फोन करून विचारलं, "सगळं ठीक ना घरी?" आणि मी थेंब मोजण्यात चुकलो असेन, टाकी दुधासारखी पांढरी झाली. त्या रविवारी बाबाराव पेढे घेऊन आला होता. नातू झाला होता त्याला! पेढा माझ्या तोंडात घालून तो टाकीकडे बघत म्हणाला, "माहा नातू अन तुहे मासे, दोघंबी दूध पिऊन राह्यले म्हना!"

* * *

पुढे दोन-अडीच महिने गेले. प्रवाळाच्या फांद्यांची टोकं पांढरी पडायला लागली. मी रोज नळ्या बघायचो. दर रविवारी एक तृतीयांश पाणी काढून नवं घालायचो, तरी रंग लालच. एकदा नलिनी वैतागून म्हणाली, "उकळून टाका ना ते पाणी. आपण नाही का सगळं उकळून पीत?"

मला हसू आलं. म्हटलं, चल, दाखवतोच. टाकीतलं पाणी दुधाच्या पातेल्यात घेतलं, गॅसवर निम्मं होईपर्यंत आटवलं, गार केलं, नळीत थेंब टाकले. आधी होता त्याहून गडद लाल!

"बघ," मी म्हणालो. लेक्चरचा आवाज लागला होता. "उकळून जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही. पाणी वाफ होऊन जातं आणि ते खाली राहतं. निम्मं आटवलंस की दुप्पट!"

"माणसांना काय होतं त्यानं?"

"मोठ्यांना फारसं काही नाही. वरच्या दुधावरचं तान्हं बाळ असेल तर त्याच्या रक्ताला प्राणवायू पुरत नाही. ओठ, नखं निळी पडतात. पुस्तकात आहे. तीस वर्षं शिकवलं, एकही बघितलं नाही."

नलिनीनं पातेलं घासायला टाकलं. "शिकवलंत तर," ती म्हणाली, "पण हे असं पातेल्यात कधी दाखवलं होतंत का कुणाला?"

* * *

शेवटी सलीमभाईच म्हणाले. चाचरतच म्हणाले. "साब, बुरा मत मानो. ये जो बाहर से पानी आता है, इसको कभी चेक किया?"

मी चिडलो. "ते बाबारावाच्या विहिरीचं पाणी आहे!"

जसं काही ते रासायनिक सूत्रच होतं.

बाबाराव गेल्यावर मी कॅनमधलं पाणी नळीत घेतलं. मीठ न घातलेलं, मासा न शिवलेलं, पुरणपोळी न पडलेलं. थेंब टाकले. मला वाटतं मी पाच मिनिटं थांबलोसुद्धा नाही. टाकीत आला नव्हता इतका लाल रंग आला. दर रविवारी नायट्रेट काढून मी नायट्रेटच भरत होतो!

सलीमभाईंनी नळी उजेडात धरली. "मासूम निकली आपकी मच्छी," ते म्हणाले.

विहिरीत ते कुठून आलं, हे दुसऱ्या कुणाला विचारावं लागलं असतं. मला नाही. कपाशी पिवळी पडली की युरिया द्या, हे बाबारावाच्या गावात, कॉलेजच्या शिबिरात, मीच सांगितलं होतं. तीन हप्त्यांत द्या, बेतानं द्या, असंही सांगितलं होतं. निदान मला तसं आठवतं. पुढे बियाणं महागलं, फवारणी महागली, मजुरी महागली. एकदा बाबाराव म्हणाला होता, "एक युरियाच तेवढा सस्ता राह्यला, प्रोफेसर. म्हून मंग तोच टाकतो." तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

त्या आठवड्यात प्रवाळ पूर्ण पांढरं झालं. नलिनी म्हणाली, "राहू द्या तसंच. छान दिसतंय." तिला कळलं नव्हतं की ते मेलंय. किंवा कळलं असेल.

* * *

आणि हा शेवटचा.

मंगळवारी मी एस.टी.नं घाटंजीला गेलो आणि तिथून ऑटोनं बाबारावाच्या गावी. खिशात किट. वाटेत वाक्यं जुळवत होतो, पूर्वी लेक्चरची जुळवायचो तशी. 'बाबाराव, तुझ्या विहिरीत नायट्रेट आहे,' हे पहिलं वाक्य. दुसरं, 'आणि ते माझ्यामुळे आहे.' दुसरं जुळत नव्हतं.

बाबाराव अंगणातच होता. "अरे, तू कसा काय आला? मासे मेले का?" भाव नव्हता म्हणून कापूस पुढच्या खोलीत छतापर्यंत भरलेला, आणि त्याला लागूनच पाळणा. सुनेनं तांब्याभर पाणी आणून दिलं. मी प्यायलो. खरंच गोड होतं.

पाळण्यातलं बाळ रडायला लागलं. सुनेनं कोनाड्यातली दुधाची बाटली घेतली. "माह्यं दूध पुरत नाही, काकाजी. डब्याचं द्या लागते."

"त्यात पाणी कुठलं घालता?" मी विचारलं.

"इहिरीचंच जी. पन तसंच नाही देत!" ती अभिमानानं म्हणाली. "रोज सकाळी गंजभर पानी चुलीवर ठेवतो. निम्मं होईस्तोवर आटवतो, मंगच देतो."

मी उठून पाळण्यापाशी गेलो. "बाळाला जरा उजेडात आणता का?"

तिनं दारापाशी आणलं. मी त्याची मूठ उघडली आणि एकेक नख बघायला लागलो.

बाबाराव मागे उभा राहून हसत होता. "काय पाह्यतं त्याच्यात, प्रोफेसर? तूच तं सांगतलं होतं ना बे शिबिरात, माईकवर. पानी उकळून प्या म्हून. तवापासून या घरात लेकराले कच्चं पानी कोनी पाजलं नाही!"