डेड खाडीचा धवलारी

जिवंत माणसांनी ज्याचं गाणं वीस वर्षं कानात बोटं घालून ऐकलं आणि मेलेली माणसं ज्याच्या एका हाकेला मांडवात हजर होतात, असा गायक अख्ख्या पनवेल तालुक्यात एकच आहे, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर राहतो. डोक्यावर म्हणजे करंजाड्यातल्या आमच्या इमारतीत, आमच्या बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये. त्याचं नाव मी सांगणार नाही. त्याच्या आत्याचं तर मुळीच नाही. का, ते पुढे कळेल. घरात आम्ही त्याला नुसतं ‘वरचा’ म्हणतो. आणि आधीच सांगून ठेवतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हे. मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे, माझा विश्वास उपविधींवर. उपविधींत पाळीव प्राण्यांबद्दल आहे, भाडेकरूंबद्दल आहे, गच्चीवर पापड वाळवण्याबद्दलसुद्धा आहे. वरच्याकडे जे राहायला आलं त्याबद्दल एक ओळ नाही, हो! मी दोनदा शोधलं.

तरुणपणी वरच्याचा एक रॉक बँड होता. नाव ‘डेड खाडी’. चौघेही काळ्या कपड्यांत, चौघांचेही केस खांद्यापर्यंत, आणि गाणी इंग्रजीत. ती इंग्रजीत आहेत हे त्याने सांगितलं म्हणून कळलं. बाकीच्या तिघांना यथावकाश नोकऱ्या लागल्या, टक्कल पडलं, मुलंबाळं झाली. हा एकटा मात्र चाळिशी ओलांडली तरी घरात बसून गुरगुरत होता. आम्ही इथे राहायला आलो त्या पहिल्याच संध्याकाळी वरून असा काही आवाज आला की बायकोच्या हातून दुधाचं पातेलं सुटलं. मी चपला न घालता जिना चढलो. दार उघडलं त्याच्या आत्याने. नऊवारी, कपाळभर कुंकू, एक बोट मिशरीने काळं झालेलं, दुसरा हात गुडघ्यावर. “कोणाला काही झालंय का?” मी विचारलं. “काय नाय वो, पोरगा गातंय,” ती म्हणाली. मग आत एक नजर टाकून हळूच म्हणाली, “म्हस व्याताना आसाच आवाज करते. पन म्हस मंग दूध तरी देते.”

या बाईने त्याला आईच्या मागे वाढवलं. त्यांचं गाव विमानतळात गेलं. विहीर, वड, बांध, मिठागरं, सगळं सपाट झालं आणि आत्या-भाचा या फ्लॅटमध्ये आले. आत्या म्हणजे पट्टीची धवलारीण. आगरी लग्नात धवलारीण नसेल तर लग्न लागलं असं जुनी माणसं मानतच नाहीत. हळदीपासून मांडव उतरेपर्यंत एकेका विधीचा एकेक धवला असतो, आणि तो तिने गायचा. त्यात ती आधी देवांना बोलावते, मग घरातल्या गेलेल्या माणसांना नावं घेऊन लग्नाला बोलावते. आत्याने उरणपर्यंतची लग्नं गायली. तिला दोनच दुःखं होती. एक गुडघे, बसली की उठवेना आणि उठली की बसवेना. दुसरं, भाच्याचं लग्न. “सगल्या जगाची लग्नं लावली मी, नि माज्या घरान ह्यो सांड,” असं ती लिफ्टमध्ये भेटेल त्याला ऐकवायची. सांड शेजारी कवटीचं चित्र असलेला टी-शर्ट घालून उभा असायचा आणि लाजायचा.

आत्या गेली. वरून महिनाभर चकार शब्द नाही. न गुरगुरणं, न काही. आम्हालाच चुकल्यासारखं झालं. मग त्याच्या पुतणीचं लग्न निघालं. धवलारीण मिळेना, जी मिळत होती तिचे दोन्ही गुडघे आत्यापेक्षा वाईट. कोणी म्हणालं, मोबाइलवर लावू. त्यावर वरच्याने जे केलं ते पाहायला मी तिथे होतो. तो उठला, केसांना रबर लावलं, माइक घेतला आणि डोळे मिटले. आता हा ओरडणार म्हणून मी खुर्ची घट्ट धरली. आणि त्या दाढीतून आत्या गायला लागली! आत्यासारखा आवाज नव्हे, आत्याचा आवाज. तोच अडखळता श्वास, ओळीच्या शेवटी तोच किंचित कंप. ‘मांडव घातला दारी गो, पावन्यांनो या...’ बायकांनी तोंडाला पदर लावले. त्याने एकेक करून गेलेल्यांची नावं घेतली आणि शेवटी आत्याचं नाव घेतलं. हॉलचे सगळे पंखे चालू होते, तरी त्या क्षणी मला मिशरीचा वास आला. मी बायकोकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघांनीही श्रीखंडाकडे पाहिलं.

त्यानंतर वरच्याचं जे काही झालं त्याला नशीब फळफळणं म्हणतात. रॉक म्हणून त्याला कुत्रं विचारत नव्हतं. धवल्यांसाठी लोक हॉलची तारीख त्याला विचारून ठरवू लागले. पुरुष धवलारी, तोही केसाळ, तोही कवटीच्या टी-शर्टात! सुरुवातीला म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, मग त्याच त्याला ओवाळू लागल्या. कारण हा नुसता गात नसे. कोन गावच्या एका लग्नात त्याने यादीत नसलेलंच एक नाव घेतलं. यजमान गोंधळले. तेवढ्यात मागच्या रांगेतले एक आजोबा काठी टाकून उभे राहिले. “माजा भाऊस तो,” ते म्हणाले, “ल्हानपनीच खाडीन गेला. त्याचं नाव आता येकट्या मनाच ठावं.” मीच त्याला गाडीने नेलं होतं, परतताना विचारलं, “अरे, ही नावं तुला सांगतं कोण?” वरचा अभिमानाने म्हणाला, “आत्या सांगते ना, दादा. मी गातो तेव्हा मागं उभीच असते ती.” मी काच खाली केली. गार वारा बरा असतो अशा वेळी.

हळूहळू इमारतीत तक्रारी सुरू झाल्या, आणि सेक्रेटरी मी! लिफ्ट भर दुपारी बटण न दाबता वरच्या मजल्यावर जायची, दार उघडायचं, बराच वेळ उघडंच राहायचं. आठदहा माणसं सावकाश बाहेर पडायला लागतात तितका वेळ. वॉचमन म्हणाला, कोणीतरी बाई विहीर कुठाय विचारते, वळून बघितलं की नाही. जिन्यात ओली पावलं उमटायची. अनवाणी, रुंद, बोटं फाकलेली. ती वाळली की पांढरी होत. बायकोने एक दिवस बोट लावून जिभेवर ठेवलं आणि म्हणाली, “मीठ आहे हो.” मी तिला खूप ओरडलो, की जिन्यातलं काहीही काय चाटतेस.

शेवटी वही-पेन न घेता, चहाला आल्यासारखं तोंड करून मी वर गेलो. वरचा भात रांधत होता. पातेलं पंगतीचं. “बस दादा,” म्हणाला. घरात तो एकटा, पण मला आत शिरताना खांदा चोरून शिरावं लागलं. गर्दीत शिरतो तसा. त्याने सगळं सांगितलं, अगदी मोकळेपणाने. मांडव उतरतो तेव्हा धवलारीण शेवटचा धवला गाते, पाहुण्यांच्या पाठवणीचा. जेवलात, नेसलात, आता सुखाने जा. तो धवला याला येतच नाही! लहानपणापासून मांडव उतरायच्या वेळी हा गावाबाहेर बेंजोवाल्यांच्या पार्टीत ड्रम बडवत असायचा. “मग इतक्या लग्नांत तू बोलावलेली माणसं...” “ज्यानं बोलावलं त्याच्याच घरी येणार ना,” तो भात ढवळत म्हणाला. “अरे, मग शिकून घे की कुणाकडून!” वरच्याने गॅस बारीक केला. “शिकलो आणि गायलो, तर आत्यापन जाईल, दादा. आत्ताच तर आलीय.” चाळिशी उलटलेला, दाढीवाला, कवटीवाला गडी, आणि आईचा पदर धरून ठेवलेल्या पोरासारखं तोंड. मी भात न खाता खाली आलो.

पण बायकोला गप्प बसवेना. तिने कुठूनतरी चिरनेरची एक म्हातारी धवलारीण शोधून काढली. आत्याची जुनी जोडीदारीण; तरुणपणी दोघींनी एका मांडवात समोरासमोर बसून गायलेलं. बाई एका दुपारी आली, लिफ्ट नाकारून जिना चढली आणि वरच्याच्या दारातच थबकली. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून तिने हॉलभर पाहिलं. मग दोन्ही हात जोडले, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मला काही दिसत नव्हतं. खिडकीतून ऊन येत होतं आणि लादी रिकामी होती. “आरं मेल्या,” ती वरच्याला म्हणाली, “पावन्यांना बोलावलंस नि उभं ठेवलंस?”

“उभं म्हंजे?” वरचा म्हणाला.

“पाठवनीतलं ‘बसा’ आयकल्याबिगर बोलावलेला पावना बसत नाय. निजत नाय. ही सगली उभी हायेत. तुजी आत्या त्या दाराशी उभी हाय, तुज्या पुतनीचं लगीन झाल्यापासून.” आणि मग जरा मऊ होऊन, “गुडघ्याला हात लावून हाय रं.”

वरचा दाराकडे बघत राहिला. ‘मागं उभीच असते ती’ हे त्याने किती कौतुकाने सांगितलं होतं! त्याच्या दाढीतून पाणी ओघळायला लागलं, ते त्याने पुसलंही नाही. “शिकव मना,” म्हणाला. “आत्ताच शिकव.” बाई म्हणाली, “गाव नाय राह्यलं, तर जातील कुटं?” आणि आपणच उत्तर दिलं, “खाडी हाय. ओहोटीच्या पान्यासंगती जातील.”

तो शिकला. सारी दुपार तो आणि बाई समोरासमोर बसून गात होते आणि खाली आमच्या घरात भांडी आपोआप किणकिणत होती. मग त्याने हॉलच्या मधोमध उभं राहून पाठवणीचा पहिला भाग गायला: बसा, दमलात, पाणी घ्या. दुसरा भाग खाडीवर. माझी गाडी निघाली. मागे बायको आणि चिरनेरची बाई आणि त्यांच्यामध्ये अंग चोरून वरचा. पुढची सीट बाईने मोकळी ठेवायला लावली. “बाकीची चालत येतील,” ती म्हणाली, “हिचेच गुडघे गेलेत.” मी मनात म्हटलं, काय हा पोरखेळ, आणि गाडी सुरू केली. आणि गाडी वाजायला लागली. टुंग, टुंग, टुंग. पुढच्या सीटवर कोणी बसलं आणि पट्टा लावला नाही, की ती वाजते ना, तशी. मी रिकाम्या सीटकडे पाहिलं. टुंग, टुंग. उपाय दुसरा नव्हता. मी वाकून पट्टा ओढला, त्या रिकाम्या जागेवरून आणला आणि खटकन लावला. आवाज थांबला. मिशरीचा वास आला.

“बसली!” मागून वरचा ओरडला. इतक्या वर्षांत त्याचं ओरडणं मला पहिल्यांदाच समजलं. “दादा, बसली हो आत्या! बसली!” हसत होता की रडत होता देव जाणे. मी मात्र गाडी इतकी हळू चालवली की रिक्षावाल्यांनी शिव्या घातल्या. प्रत्येक खड्ड्याला माझ्या तोंडून आपोआप “सांभाळून हं” निघत होतं.

खाडीवर ओहोटी लागली होती. त्याने गायला सुरुवात केली, आत्याच्याच आवाजात. चिखलावर पावलं उमटायला लागली, पाण्याकडे जाणारी, एकामागे एक, कितीतरी. सगळ्यांत शेवटी एक जोडी सावकाश गेली, मध्येच थांबली, वळली असावी, कारण टाचा तिथे रुतल्या होत्या, आणि मग पुढे गेली. शेवटच्या ओळीला त्याचा आवाज फुटला आणि उरलेली ओळ त्याने स्वतःच्या घोगऱ्या, भसाड्या, रॉकच्या आवाजात म्हटली. मला तोच आवाज बरा वाटला, काय सांगू! परत येताना पुढच्या सीटवर कोणी नव्हतं. गाडी वाजली नाही. मी दोनदा बंद करून सुरू करून पाहिली.

लिफ्ट आता शहाण्यासारखी वागते. वरच्याचं नाव आणखी मोठं झालंय. पाठवणी अशी करतो की लोक मांडव उतरेपर्यंत घरी जात नाहीत. आवाज मात्र आता त्याचा त्याचाच आहे. गेलेली माणसं फक्त आपल्या घरच्या लग्नाला येतात, आणि त्याच्या घरात आता लग्नाचं कोणी उरलेलं नाही. म्हणजे, एक सोडून. परवा तो खाली आला, पायाच्या अंगठ्याने लादी उकरत उभा राहिला आणि बायकोला म्हणाला, “वहिनी, एखादं स्थळ बघा ना. कसंही चालेल. फक्त लग्न एका दिवसात उरकायचं नाही, हळद चांगली दोन दिवस आधी लावू, म्हणजे आत्या तेवढी राहील.” आत्या जन्मभर ज्यासाठी घसा कोरडा करत होती ते असं जमायचं होतं. नवरा स्वतःच्या लग्नात कसा गाणार, म्हणून सध्या माझी बायको त्याच्याकडे धवला शिकते आहे. स्वयंपाक करताना नावं म्हणते आणि शेवटच्या नावापाशी येऊन ओठ घट्ट मिटते. ते नाव उगीच घ्यायचं नाही. म्हणून मीही इथे लिहिलेलं नाही.

मुलगी काही अजून मिळालेली नाही. वरच्याने पनवेलच्या बाजारातून एक खुर्ची मात्र आणून ठेवली आहे, उंच, हातांची, पाठीला उशी बांधलेली. मांडवात पहिल्या रांगेत ठेवायला.